नगररक्षकाचे दात

माझी मावशी सव्वीस वर्षे नगरपालिकेच्या सेवेत होती. नगररक्षकाचे दात घासणे हे तिचे काम. एवढ्या काळात तिला पदनाम मिळाले नाही. हजेरीपटावर तिची नोंद 'काजळी, स्त्री, एक' अशी होती, आणि तिच्या आधी हे काम करणाऱ्या बाईची नोंदही तीच असल्यामुळे माणूस बदलले तरी पट बदलावा लागला नाही. प्रशासनाच्या दृष्टीने ही सोयच होती. तिच्या पदनामाबाबत मी पुढे अकरा अर्ज केले. पहिल्याचे उत्तर आले की अर्ज चुकीच्या आकाराच्या कागदावर आहे. उरलेल्या दहांना उत्तर आले नाही, त्यावरून त्यांच्या कागदाचा आकार योग्य होता असे मी समजतो.

नगररक्षक म्हणजे काय हे आजच्या पिढीला सांगावे लागते. पुलाच्या वरच्या टोकाला, जिथे आता धान्याचे कोठार आहे, तिथे एक दगडी दालन होते आणि त्यात साखळदंडाने बांधलेला एक प्राणी राहत असे. दोन माणसे वाकून उभी राहतील एवढे त्याचे तोंड होते. अंगाला खवले, पाठीवर शेवाळ. पापण्या नसल्यामुळे चेहऱ्यावर सदैव लांबलेल्या सभेत बसलेल्या माणसाचा भाव. शाळेच्या पुस्तकाप्रमाणे तो नदीतून आला आणि नगराच्या पूर्वजांशी त्याचा करार झाला. तो शत्रूपासून नगर राखील आणि मोबदल्यात केवळ काळे रक्त भक्षील. उजळ माणसाला तो तोंड लावूच शकत नाही, कारण उजळ कातडीच्या तेजाने त्याची जीभ भाजते. शत्रू कधीच आला नाही. कराराची दुसरी बाजू मात्र काटेकोरपणे पाळली गेली. हा धडा मोठ्याने वाचायला गुरुजी नेहमी खालच्या काठच्या आम्हा तिघांपैकी एकाला उभे करीत. "तुमच्या तोंडून तो जास्त खुलतो," असे ते म्हणत.

वरच्या काठावर उजळ माणसे राहत आणि खालच्या काठावर, जिथे दरसाल पाणी शिरते तिथे, आम्ही. आम्हाला कायद्याच्या भाषेत 'काजळी' म्हणत. नगररक्षकाला आमच्याकडे 'खादाड' म्हणत, अर्थात दारे लावून.

आता गंमत अशी की केवळ काळे रक्त भक्षणाऱ्या या प्राण्याच्या तोंडात एक काळी बाई दर सोमवारी सकाळी दोन तास उभी राही आणि अखंड बाहेर येई. याचे कुणाला नवल वाटत नसे. एका विद्वानाने एकदा पुस्तिका काढून खुलासा केला की कर्तव्यकाळात रक्ताचा रंग स्थगित असतो. पुस्तिकेची दुसरी आवृत्ती निघाली.

कामाची पद्धत ठरलेली होती. जबड्यात एक लाकडी टेकू आधी उजव्या बाजूला लावायचा, मग दुसरा डाव्या. उलट केले तर जबडा तिरका होऊन टेकू निसटतो. आत अनवाणी जायचे, कारण वहाणेने जीभ दुखावते. मिठाच्या पाण्याच्या चार बादल्या, नारळाच्या काथ्याचा कुंचा आणि हातभर लांब लोखंडी आकडा. सुरुवात खालच्या डाव्या दाढेपासून. ती दाढ किडकी होती, तिच्यात अन्न अडके आणि ते निघाले नाही तर ठणका लागे. ती आधी मोकळी केली की प्राणी डोळे न मिटताही सुखावल्यासारखा स्वस्थ पडून राही. मावशी त्याच्याशी म्हशीशी बोलावे तशी बोलत असे. "आ कर, मेल्या. अजून. लाज नाही वाटत, इतक्या मोठ्या दातांना इतकी घाण?"

ती ठेंगणी, रुंद आणि खणखणीत आवाजाची होती. शेजारणी म्हणत, "काय गं, दात कोरून कधी पोट भरतं का?" त्यावर ती म्हणे, "तुमचं नसेल भरत. माझं आणि या भाच्याच्या शाळेचं भरतंय." हे खरे होते. आई गेल्यापासून तिनेच मला वाढवले आणि तिच्या त्या आकड्यावर मी पदवीपर्यंत शिकलो. पदवी मिळाल्यावर नगरपालिकेने मला नक्कलनवीस म्हणून घेतले. पाहुण्यांच्या नजरेला त्रास होऊ नये म्हणून माझे टेबल पडद्यामागे होते. सभांची इतिवृत्ते मी ऐकून लिहीत असे. मला वाटते, जगात असे इतिवृत्त दुसरे नसेल ज्यात कोण बोलले ते अचूक आहे आणि कोणाचा चेहरा कसा होता ते मुळीच नाही.

मावशीचा सख्खा भाऊ, म्हणजे माझा मामा, बर्फवाला होता. हातगाडीवर भुशात बर्फाच्या लाद्या ठेवून तो वरच्या काठावर घरोघरी पोचवी. त्याचा व्यवसाय थंड होता, डोके तितके नव्हते, पण जीभ गोड होती आणि नगराध्यक्षांच्या स्वयंपाकघरात त्याला मागच्या दाराने का होईना, चहा मिळत असे.

एका शनिवारी नगराध्यक्षांचे जावई नाहीसे झाले.

या जावईबापूंबद्दल एवढेच सांगायला हवे की ते अंगाला भरपूर सुगंधी तेल लावीत आणि वरच्या काठच्या तरुणांत त्या काळी जी धीटपणाची फॅशन होती, तिचे ते अग्रणी होते. दालनाच्या कठड्यावर पाठमोरे बसून सिगारेट ओढायची आणि नगररक्षकाकडे वळूनही पाहायचे नाही, अशी ती फॅशन. कातडीच्या तेजावर त्यांचा पूर्ण विश्वास होता.

उजळ माणूस नाहीसा झाला तर नगररक्षकाने खाल्ला असे म्हणता येत नसे, कारण ते शास्त्रात बसत नव्हते. म्हणून तो खून ठरे. खून ठरला की काजळी माणूस लागे. ज्या काजळी माणसाने त्याला शेवटचे पाहिले, त्याला आठ दिवस कोठडीत ठेवून मग नगररक्षकासमोर उभे करीत. नगररक्षकाने खाल्ले तर गुन्हा सिद्ध. न खाल्ल्यास आरोपी निर्दोष, अशी कायद्यात स्पष्ट तरतूद होती. न्यायाची कुणाला काळजी नव्हती असे नाही. फक्त त्या आठ दिवसांत नगररक्षकालाही उपाशी ठेवीत. मावशीच्या नोकरीच्या काळात तोवर असे पाच जण उभे केले गेले आणि पाचही दोषी निघाले.

त्या शनिवारी दुपारी मामाने नगराध्यक्षांकडे बर्फ टाकला होता. जावईबापूंनी त्यातला एक तुकडा उचलून तोंडात घातला, हे त्याने स्वतःच मोठ्या कौतुकाने चार जणांना सांगितले. रविवारी सकाळी त्याला नेले.

सोमवारी मावशी नेहमीप्रमाणे कामावर गेली आणि घरी येऊन हातपाय धुऊन बसली. मी म्हणालो, "मावशी, मामासाठी काहीतरी करायला हवं. मी अर्ज लिहितो."

"लिही. कागद मोठा घे." मग थोड्या वेळाने म्हणाली, "ते नववं कलम काय आहे रे? तुझ्या पुस्तकातलं. वाचून दाखव."

मी वाचले. 'नगररक्षक ज्यास भक्षील तो काजळी समजावा. आणि त्याचे कूळ, सोयरे व घर तीन पिढ्यांपर्यंत काजळी समजून खालच्या काठी हलवावे.' वर्ण लपवून वरच्या काठावर राहणाऱ्यांना हुडकण्यासाठी कधीकाळी हे कलम झाले होते.

"सोयरे म्हणजे सासरेही आले?"

"आले."

"पुन्हा वाच."

मी तीनदा वाचले. तिला अक्षरओळख नव्हती. जे लक्षात ठेवायचे ते ती असे ऐकून ठेवी. नंतर तिने भाकरी मोडून माझ्यापुढे ठेवली आणि स्वतः खाल्ली नाही.

पुढच्या सोमवारी सकाळी समारंभ ठरला. प्रकरण स्वतःच्या घरचे असल्यामुळे नगराध्यक्षांना तो थाटात व्हायला हवा होता. खुर्च्या मांडल्या गेल्या, छायाचित्रकार आला. न्याय स्वच्छ तोंडाने व्हावा म्हणून दात घासण्याचे काम या वेळी प्रतिष्ठितांच्या समक्ष करावे, असा हुकूम निघाला. तो हुकूम मीच नकलला. आरोपीच्या सख्ख्या बहिणीलाच त्याला खाणाऱ्या तोंडाची सफाई करायला सांगितले जात आहे, हे कुणाच्या ध्यानात आले नाही. दोघांचे नाक एक, पुढच्या दातांतली फट एक, चालताना डावा खांदा पाडण्याची सवय एक. पण आम्ही सगळेच त्यांना सारखे दिसत होतो, त्यामुळे हे दोघे सारखे दिसतात हे कळायला काही मार्ग नव्हता.

माझे टेबल पडद्यासकट दालनात आणून ठेवले होते. हलवाहलवीत पडद्याला एक भोक पडले होते, ते माझ्या सेवाकाळातले एकमेव पदोन्नतीचे स्थान. त्यातून मला मामा दिसत होता. कठड्यापासून दहा पावलांवर, खुंटाला बांधलेला. आठ दिवसांत तो अर्धा झाला होता. मावशी बादल्या घेऊन त्याच्या जवळून गेली तेव्हा तो म्हणाला, "बाई, नीट घासा हं. मला घाणेरडं तोंड चालत नाही."

"गप उभा राहा, बर्फवाल्या. वितळशील."

पुढच्या रांगेत हशा पिकला. मामाही हसला.

तिने उजवा टेकू लावला, मग डावा. आठ दिवसांच्या उपाशी प्राण्याच्या तोंडातून जी वाफ आली तिने पहिल्या रांगेने एकसाथ रुमाल काढले. ती वाकून आत गेली. या खेपेस मात्र तिने सुरुवात उजवीकडून केली. सावकाश, एकेक दात. उपस्थितांपैकी कुणी कौतुकाने मान डोलावली. खालची डावी दाढ तिने शेवटी ठेवली, तिच्यात आकडा घातला, दोनदा हिसडा दिला आणि जे निघाले ते घेऊन ती थेट पुढच्या रांगेसमोर आली.

"साहेब, हे निघालं."

ती एक चांदीची सिगारेटची डबी होती. डबीला तीन बोटे अजून धरून होती.

दालनाचे अधीक्षक पुढे झाले. "ठीक आहे, ठीक आहे, दे इकडे. सापडलेलं माझ्याकडे जमा करायचं असतं, माहीत आहे ना तुला?"

"माहीत आहे की. पण वर काहीतरी कोरलंय. मला वाचता येत नाही. त्या पडद्यामागच्याला वाचू द्या, म्हणजे कुणाचं ते कळेल. ज्याचं त्याला गेलेलं बरं."

अधीक्षक काही म्हणायच्या आत तिचा हात पडद्याच्या कडेने आत आला. माझे काम ऐकलेले लिहिण्याचे आणि सांगितलेले वाचण्याचे. मी वाचले: "'प्रिय जावयास, विवाहदिनी, सासऱ्यांकडून सप्रेम.' खाली नगराध्यक्षांच्या घराण्याचा शिक्का आहे."

बोटे उजळ होती. नऊ दिवसांत ती जराशी निळसर झाली होती, पण निळ्यासाठी नियमात तरतूद नाही.

मावशी कुंचा पाण्यात बुडवत सहज म्हणाली, "म्हणजे जावईबापूंना यानं खाल्लं म्हणायचं. अरेरे. यानं खाल्लं म्हणजे माणूस काजळी, असं काहीतरी कलम आहे ना साहेब? नववं. सोयऱ्यांसकट."

"ही डबी चोरलेली आहे!" नगराध्यक्ष ओरडले. "या बर्फवाल्यानंच चोरली!"

"मग बोटं कुणाची? याची तर दहाच्या दहा जागेवर आहेत." तिने मामाकडे बोट केले. "दाखव रे."

मामाचे हात बांधलेले होते. त्याने बोटे हलवून दाखवली.

"जावईबापूंनी ती... मित्राला दिली असेल," नगराध्यक्ष म्हणाले.

यावर पहिल्या रांगेतले तिघे एकदम उठून उभे राहिले. जावईबापूंच्या मित्रांचे ते वडील होते. "कोणत्या मित्राला? नाव घ्या ना. मुद्दाम आमच्या घरावर कशाला ढकलताय?" त्यांतले पेढीवाले म्हणाले. "आमच्या मुलाला मी सकाळी नाश्त्याला पाहिलंय! तीन घास खाल्लेत त्यानं!" त्या पाच मिनिटांत कोण काय बोलले ते मी सर्व लिहून घेतले होते; नंतर ते पान फाडण्यात आले. मग पालिकेचे वकील नगराध्यक्षांच्या कानाशी लागले आणि बराच वेळ लागूनच राहिले.

शेवटी नगराध्यक्ष उभे राहिले. ते म्हणाले की दाढेत सापडलेली वस्तू गुराचे हाड आहे. आपले जावई समुद्रपर्यटनास गेले असून खुशाल आहेत. तसे पत्र आजच आले, पण समारंभाच्या गडबडीत ते फोडायचे राहिले.

"मग मेलं कुणीच नाही," मावशी म्हणाली.

"नाही."

"मग हा इथे कशाला बांधलाय?"

याचे उत्तर कायद्यात नव्हते. मामाला सोडण्यात आले. निर्दोष म्हणून नव्हे. गुन्हाच न घडल्यामुळे त्याला निर्दोष ठरवण्याचे कारण उरले नाही, असे मी वकिलांच्या सांगण्यावरून लिहिले. नगराध्यक्षांची मुलगी पुढे आयुष्यभर सौभाग्यवती म्हणून राहिली आणि दर सहा महिन्यांनी तिच्या नवऱ्याची बंदरोबंदरची पत्रे येत. त्यांतली काही मी लिहिली आहेत.

मावशीने उरलेली दाढ घासली, टेकू काढले, बादल्या पालथ्या घातल्या आणि मग आम्ही तिघे पुलावरून खाली निघालो.

निम्म्या पुलापर्यंत मामा हसत होता. "काय तोंड झालं होतं गं त्याचं! सोयऱ्यांसकट! अगं, तू वकील व्हायचीस." मग त्याने विचारले, "पण ती डबी तुला सापडली कधी?"

"गेल्या सोमवारी."

"आणि तू आठ दिवस मला आत सडू दिलंस?"

"अधीक्षकाला दिली असती तर चांदी त्याच्या घरी गेली असती आणि बोटं कालव्यात. पुन्हा आत ढकलून ठेवली. सगळे नाक दाबून समोर बसलेले असायला हवे होते."

"हो, तेही खरं." तो चार पावले चालला. "अधीक्षकाला दिली असती म्हणजे? आधी कधी दिलं होतंस काही?"

ती चालत राहिली.

"आक्का, मी विचारतोय. त्या पाचांच्या वेळी दाढेत काही सापडलं होतं का?"

"छत्रीची मूठ," ती म्हणाली. "एकदा चष्मा. एकदा बुटाचं बक्कल. एकदा नुसतं घड्याळ, चालू होतं."

"हे चार झाले."

"पाचव्या वेळी काही नव्हतं."

मामा थांबला. त्या पाचांपैकी दुसरा माणूस म्हातारा बर्फवाला होता, ज्याने मामाला करवत कशी धरायची ते शिकवले होते आणि पुढे आपली गाडी दिली होती.

"त्याच्या वेळी काय होतं?"

"चष्मा."

"तुला माहीत होतं. त्याला उभं करायच्या आधी तुला माहीत होतं."

"माहीत होतं. मी नेमून दिल्याप्रमाणे जमा केलं." तिचा आवाज नेहमीसारखाच होता. "तेव्हा माझं कुणी नव्हतं तिथं बांधलेलं."

"आणि दात? त्या दिवशी दात घासले होतेस?"

"घासले होते. ठणका असला की तो खात नाही. म्हणून घासूनच घेतात आधी."

मी इतकी वर्षे इतरांच्या अपराधांविरुद्ध अर्ज लिहीत आलो आहे. माझी शाळा कशावर चालली होती ते मला त्या पुलावर कळले, आणि त्याबाबत अर्ज कुणाकडे करायचा ते आजतागायत कळलेले नाही. मामा रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेने चालू लागला. आमच्या घरावरून जाताना त्याने मान वळवली नाही. त्यानंतर तो आमच्याकडे आला नाही. बर्फ लागलाच तर शेजारच्या मुलीबरोबर पाठवी.

मावशीने नोकरी सोडली नाही. मी तिला एकदा सुचवले, तेव्हा ती म्हणाली, "मी सोडली तर उद्या दुसरीला लावतील. ती दात चांगले घासेल."

पुढच्या सोमवारपासून ती पूर्वीप्रमाणेच वेळेवर दालनात जाई. उजवा टेकू, मग डावा. आत जाऊन ती बादली पालथी घालून तिच्यावर दोन तास बसून राही, मग बाहेर येऊन अधीक्षकांना सांगे, "झालं." अधीक्षक लांबूनच सही करीत: दात स्वच्छ. त्या तोंडात वाकून पाहणारा उजळ माणूस नगरात जन्मला नव्हता. तेज सगळ्यांना होते, खात्री कुणालाच नव्हती.

सहा महिन्यांत नगररक्षक कण्हू लागला. वर्षभरात त्याने एरवीचे खाणे, म्हणजे काळ्या रेड्यांचे मांस, टाकले. दोनदा खालच्या काठची माणसे त्याच्यासमोर उभी केली, दोन्ही वेळा त्याने तोंड फिरवून गाल भिंतीला टेकवला. ज्याला तो खातो तो काजळी, तर ज्याला तो खात नाही तो उजळ काय, यावर सभेत एक संपूर्ण दुपार चर्चा झाली आणि कलम उलट्या दिशेने लागू होत नाही असे ठरले. दोघांना सोडावे लागले. परगावचा डॉक्टर आणला. त्याने दालनाच्या दारातून दुर्बिणीने प्राणी तपासला.

"दात कसे आहेत?" त्याने मावशीला विचारले.

"मोत्यासारखे. मनाला लागलंय त्याच्या काहीतरी."

डॉक्टरने तसेच लिहून दिले.

तिसऱ्या वर्षी, एका गुरुवारी तो मेला. नगरात तीन दिवस दुखवटा पाळण्यात आला. चौथ्या दिवशी पालिकेने मावशीला बोलावून, दात शेवटपर्यंत स्वच्छ होते, या निवेदनावर तिचा अंगठा घेतला आणि तिला सेवामुक्त केले. खालचा काठ होता तिथेच राहिला. तिथली माणसे मारण्यासाठी रक्षकाची गरज नव्हती, तशी त्यांना तिथे ठेवण्यासाठीही नव्हती. हे कळायला मला बराच पत्रव्यवहार करावा लागला.

मावशीला सेवामुक्त केले त्याच दुपारी मामा आला. तीन वर्षांनी. आत आला नाही, उंबऱ्यावर बसला. मावशी चूल सारवत होती.

"मेला म्हणे," तो म्हणाला.

"मेला."

"कशानं?"

"दाढेनं."

त्याने हाताच्या भेगा अंगठ्याने घासल्या. त्या म्हाताऱ्या बर्फवाल्याची बायको अजून आहे, तिला दिसत नाही, असे काहीतरी म्हणाला. मावशी म्हणाली, "माहीत आहे. उद्या जाणार आहे तिच्याकडे. सगळं सांगणार आहे."

"ती तुझं तोंड बघणार नाही."

"तिला दिसत नाही, असं तूच म्हणालास."

मामाला हसू आले नाही. मावशीनेही विनोद केला नव्हता. तो उठला, चपला घातल्या, दोन पावले गेला आणि पाठमोराच म्हणाला, "एकटी जाऊ नकोस. मी गाडी घेऊन येतो सकाळी."